कर्ता अज्ञात

वाचनालयात बाकं असतात, गाद्या नसतात. एवढी साधी गोष्ट होती, आणि तिथूनच माझं डोकं फिरलं. धुळ्याच्या वाचनालयात बसून आलेल्या माणसाच्या काळ्या कोटाला मागून कापूस चिकटलेला कसा? एकदा झालं तर म्हणावं, सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यासमोरून चालत आले असतील. आमच्या खानदेशात कापूस काय, डाळीतही सापडतो. पण दर वेळी? आणि तोही पाठीलाच?

पस्तीस-छत्तीस साल असेल. हे जळगावात हायस्कुलात मास्तर होते आणि जीव सगळा गाण्यात. पुण्याच्या एका संगीताच्या मासिकानं यांना लेख मागितला होता. खानदेशात कोणत्या चिजा गायल्या जातात, त्या कोणी बांधल्या, हे शोधून लिहायचं. चीज म्हणजे गवई रागात म्हणतात ते चार ओळींचं गाणं. संपादकांची अट अशी, की प्रत्येक चिजेचा कर्ता कोण आणि ते कोणत्या पुस्तकात, कोणत्या वाचनालयात सापडलं, हे खाली द्यायचं. ऐकीव काही चालणार नाही.

झालं, मास्तर निघाले पुस्तकं शोधायला. जळगावच्या वाचनालयात गाण्याचं म्हणून जे कपाट होतं, त्यात पेटी शिकवणारी दोन पुस्तकं आणि नाटकाच्या पदांचं एक. त्यातली चांगली पदं कोणीतरी आधीच ब्लेडनं कापून नेलेली. चोपड्याला गेले, तर तिथले गृहस्थ म्हणाले, "चिजांची पुस्तकं? मास्तर, ही शाळेतल्या पोरांना दाखवणार का काय?" दोंडाईच्याला एका व्यापाऱ्याच्या घरी जुना संग्रह होता. तो व्यापारी स्वतः समोर बसला आणि पानंसुद्धा स्वतःच उलटत राहिला. यांनी हात पुढं केला की पुस्तक आपल्याकडं ओढायचा. मागं कोणीतरी एक पुस्तक वाचायला म्हणून नेलं आणि गडप केलं होतं म्हणे. घरी येऊन हे नुसते चरफडायचे, आणि मी ऐकून घ्यायचे. मनात म्हणायचे, त्या व्यापाऱ्याचं काय चुकलं? मीही तेच केलं असतं. माझा स्वभावच तसा. दुधात बोट बुडवल्याशिवाय मी माप घेत नाही, आणि तराजूकडं नाही, वाण्याच्या अंगठ्याकडं बघते.

मग हे धुळ्याला जायला लागले. शनिवारी शाळा सुटली की गाडी पकडायची, चाळीसगावला बदलायची, रात्री माझ्या अक्काकडं उतरायचं आणि रविवारी वाचनालय करून परत. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, धुळ्यात दिलेली. धुळ्याला जायला लागल्यापासून यांचं चरफडणं एकदम बंद झालं. पुस्तक नाही मिळालं, पानं फाटलेली निघाली, कारकून खेकसला, काही म्हणजे काही नाही. उलट जेवताना गुणगुणायचे. तक्रारखोर माणूस गप्प बसला की बायकोनं जागं व्हावं, असं माझी आई म्हणायची.

त्यातून ते गुणगुणणं. पुस्तकातली चीज म्हणायचे, आणि ओळीच्या मधेच, जिथं शब्द तुटतो तिथं, श्वास घ्यायचे. दर वेळी तिथंच. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण आमच्या रावेरकडच्या शेतात बायका ओव्या म्हणतात त्या लहानपणापासून ऐकलेल्या. श्वास कुठं घ्यायचा हे शेजारच्या बाईचं ऐकून अंगात मुरतं. मी विचारलं, "अहो, पुस्तकात श्वासही छापतात का?"

"स्वरलिपी असते ती. तुला नाही कळायचं," म्हणाले.

मला नाही कळायचं! बरं. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. कोट झटकताना कापसाबरोबर वास यायचा, तोही अत्तराचा नाही. अत्तराचा असता तर एक घाव दोन तुकडे झाले असते. ओव्याचा आणि कापराचा वास होता. त्याचं काय करावं ते मला सुचेना.

भाच्याचं जावळ होतं म्हणून एका शनिवारी मीही यांच्याबरोबर धुळ्याला गेले. स्वयंपाकघरात शिरल्या शिरल्या अक्कानं मला कोपऱ्यात घेतलं. "तुझा नवरा रविवारी सकाळी जातो तो दिवेलागणीला उगवतो. जेवायलासुद्धा येत नाही. वाचनालय दुपारी बंद असतं, माहीत आहे ना तुला?" मी पदर डोळ्यांना लावला. अक्का म्हणाली, "रडू नको. डोळ्यांनी बघून ये, मग काय रडायचं ते रड."

दुसऱ्या दिवशी जावळ आटोपलं, हे "वाचनालयात जाऊन येतो" म्हणून सटकले. थोड्या वेळानं मी डोक्यावर पदर घेऊन निघाले. वाचनालयात टेबलाशी एक म्हातारे गृहस्थ पान लावत बसले होते. मला बघून त्यांनी आधी पुस्तकांच्या कपाटाकडं पाहिलं, सगळं जागेवर आहे ना म्हणून, आणि मग विचारलं, "काय पाहिजे?"

मी यांची चौकशी केली. म्हणाले, "येतात ना. एखादं जाड पुस्तक मागतात, चाळतात, परत देतात. त्यांच्या कामाचं इथं काही नाही, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तरी येतात. आत्ताच येऊन गेले."

"मग जातात कुठं?"

"बाई, मी पुस्तकं सांभाळतो. वाचक सांभाळत नाही." पण बोलता बोलता त्यांची मान मागच्या गल्लीकडं वळली. ती गल्ली खाली पांझरेकडं उतरते. धुळ्यात राहणाऱ्या कोणापुढंही त्या गल्लीचं नाव काढलं की तो जरा खाली बघायचा. गाणाऱ्या बायांची गल्ली होती ती.

मी कशी गेले, ते आठवत नाही. पदर दातांत धरला होता एवढं आठवतं. तिसऱ्या की चौथ्या दारातून यांचा आवाज आला. चीज तीच. आणि मागोमाग एक बाईचा आवाज, खरखरीत, पण सुरात असा बसलेला की मी दारातच थांबले. ओळीच्या मधे, शब्द तुटतो तिथं, तो आवाज थांबला आणि खोकला. दमा होता त्या बाईला. म्हणून तिथं श्वास!

आत गेले. सत्तरीची बाई, हाडांचा सापळा, उसवलेल्या गादीवर भिंतीला टेकून बसलेली. शेजारी वाटीत ओवा आणि कापूर. गवसणीतला तंबोरा कोपऱ्यात. आणि आमचे हे तिच्याच गादीच्या कडेला, कापूस बाहेर आलेल्या लोडाला पाठ लावून, मांडीवर कागद, कानावर पेन्सिल. मला बघून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. खरं सांगू? मला इतकं हलकं वाटलं की मी हसलेच. आणि लगेच रागही आला, की ह्या म्हातारीसाठी मी महिनाभर जीव जाळला.

"मास्तरनी बायको शे ना तू? ये, बठ," म्हातारी म्हणाली. माझ्या डोळ्यांत काय होतं ते तिनं ओळखलं असावं. खालपासून वरपर्यंत एकदा बघून घेतलं तिनं मला.

मग तिनंच सगळं सांगितलं, थांबत थांबत, अर्धं अहिराणीत, अर्धं हिंदीत. हे जी चीज गुणगुणायचे, ती तिच्या आईनं बांधलेली होती. शब्द हिंदी, पण त्यात पांझरा होती. पलीकडच्या काठावर साजण, नदीला पूर, असं काहीतरी. हिंदुस्थानातल्या कुठल्या पुस्तकात पांझरा सापडणार? गवई लोक चीज बांधली की शेवटच्या ओळीत आपलं नाव गोवतात, तेवढ्यानं पुढच्यांना कर्ता कळतो. तिच्या आईनं गोवलं नाही. उस्तादासमोर बाईनं आपलं नाव घालणं तिला उद्धटपणाचं वाटलं. ती चीज पुढं चार गवयांनी उचलली, मैफली मारल्या, आणि आईचं नाव आता एकट्या हिच्या तोंडात उरलं होतं. हिला ना मूल ना शिष्य.

"मी त्याले सांगं, माले पैसा नको, लुगडं नको. मन्ही मायनं नाव छाप. मी मरी जासू, मंग कोन सांगी?"

यांनी माझ्यासमोर तंबोऱ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "छापतो." तिनं चहा केला होता. मी आधी कपाकडं बघत बसले, मग प्यायले.

परतीच्या गाडीत मी विचारलं, "नाव छापणार ना हो?"

"हो म्हटलं ना," म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. चाळीसगाव येईपर्यंत तसेच बघत होते. बाहेर कपाशीशिवाय काही नव्हतं. तेव्हाच मला कळायला हवं होतं, पण नुकतीच एका संशयात तोंडघशी पडले होते ना, दुसरा घ्यायची हिंमत होईना.

लेख छापून आला. शाळेत पेढे वाटले, मुख्याध्यापकांनी यांना खुर्ची पुढं केली. मी अंक उघडला आणि आधी ती चीज शोधली. शब्द बरोबर, राग बरोबर. खाली लिहिलं होतं, "कर्ता अज्ञात. धुळे येथील जुन्या ग्रंथसंग्रहातून प्राप्त."

"हे काय?" मी अंक त्यांच्या पुढ्यात टाकला.

"संपादकांना पुस्तकाचा आधार लागतो."

"मग आधार नाही म्हणून लिहायचं. खोटं पुस्तक कुठून काढलंत? आणि अज्ञात कोणाला? तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे."

त्यांनी अंक मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "अगं, मासिक घराघरांत जातं. त्या गल्लीतल्या बाईचं नाव लिहिलं की लोक विचारणार, मास्तरला ते कुठं भेटलं? शाळेत ठेवतील मला? तू माझी बायको. तुला माहीत होतं मी कशासाठी जातो. तरी तुला संशय आलाच ना? मग गावाला येणार नाही?"

मी अंक उचलून घेतला. मला यांची चीड आली, लाज वाटली, आणि त्यांचं म्हणणं खरं होतं याचा तर सगळ्यात जास्त राग आला. शाळेतून काढलं असतं, यात शंकाच नव्हती. ते जेवून उठले, मी ताटावरून तशीच उठले.

पुढं अक्काचा निरोप आला, की ती म्हातारी दारावरून जाणाऱ्या-येणाऱ्याजवळ विचारते, मास्तरचं छापलं का. हे काही धुळ्याला जाईनात. शाळेचं काम निघायचं, डोकं दुखायचं. त्यांना तोंड दाखवायचं नव्हतं हे मला कळत होतं. शेवटी मीच अंक पिशवीत घातला आणि अक्काला बरं नाही असं सांगून निघाले. गाडीत ठरवून टाकलं, की खरं ते सांगायचं. ह्या बाईशी सगळेच खोटं वागले, निदान एकीनं तरी खरं बोलावं. तंबोऱ्यावर हात ठेवला तेव्हा साक्षीला मीच तर होते.

ती आणखी वाळली होती. अंक बघितला आणि उठून बसायला लागली. मी पाठीला हात दिला. तिनं पदरानं हात पुसले, अंक मांडीवर घेतला, मी लेखाचं पान काढून दिलं. तिला अक्षर येत नव्हतं.

"कोठे शे? मन्ही मायनं नाव. बोट ठेव."

"आजी," मी म्हणाले, "नाव नाही छापलं. कोणी बांधली ते ठाऊक नाही, असं लिहिलंय. यांनी शब्द मोडला."

तिला कळलं नाही असं वाटून मी पुन्हा सांगितलं. तेव्हा तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. ती नजर मला चांगली ओळखीची होती.

"त्या दिन तू दारमा हुभी होती, तवयच माले समजनं," ती म्हणाली. "तुन्हा मनमा पाप शे. खोटं बोली ऱ्हायनी तू."

"आजी, देवाशपथ."

"त्यानी तंबोरावर हात ठेवा व्हता."

मी तिचा हात धरून 'अज्ञात' या अक्षरांवर न्यायला लागले, तर तिनं तो हिसकावून घेतला. मग स्वतःच पानावर बोट फिरवत वर वर गेली. बारीक अक्षरं सोडली आणि सगळ्यात वर, ठळक छापलेल्या एका ओळीवर येऊन थांबली. तिचा चेहरा एकदम उजळला.

"हाई काय. एवढं मोठं लिखेल शे."

ते यांचं नाव होतं. तिनं त्यावरून दोनदा बोट फिरवलं, बोट कपाळाला लावलं आणि अंक छातीशी धरला.

"आते जाय तू," ती मला म्हणाली.