ट्रॅकला पाणी मारणारे पास्कू अंकल

रेस सुरू व्हायच्या अर्धा तास आधी पास्कू अंकल बूट-मोजे काढायचे, पँट घोट्याच्या वर दुमडायचे आणि अख्खा ट्रॅक अनवाणी चालून यायचे. मध्येच कुणी हाक मारली, तर नुसता हात वर करायचे. नवीन माणसाला वाटायचं, म्हातारा नवस फेडतोय!

मूळचे वसईचे, दुबईत जबल अलीच्या एका गोदामात फोर्कलिफ्ट दुरुस्त करणारे फोरमन. त्यांनी आणि तीन मित्रांनी आमचा स्पीडवे, म्हणजे मोटरसायकल रेसचा क्लब काढला, तेव्हा गोदामामागच्या वाळूत गाड्यांची चाकं रुतत. अंकलनी खडीची कच आणून पसरली, पाणी मारून दाबली, पुन्हा पसरली. दोन हिवाळे नुसतं हेच. तिसऱ्या हिवाळ्यात पहिली रेस झाली.

मी पुण्याचा साठे. जन्मात स्कूटर चाळीसच्या वर नेली नाही, आणि माझी रेवा सतरा पूर्ण होताच म्हणते, "बाबा, आय वॉन्ट टु रेस." स्पीडवेच्या गाडीला ब्रेक नसतो, हे मला क्लबात गेल्यावर कळलं. चार गाड्या, चार फेऱ्या, आणि वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवत डावीकडे वळायचं. माझा तर जीवच अर्धा झाला.

"अहो अंकल, ब्रेक बसवत का नाही?"

"साठे, पुढचा एकदम थांबला तर मागचे तिघं कुठे जातील? त्याच्याच अंगावर! आणि पोरं पडतात ती स्पीडमुळे नाय रे, पाण्यामुळे. कच सगळीकडे सारखी भिजली पायजे."

घरी बसवेना, म्हणून मी शनिवारी टँकरवर त्यांच्या हाताखाली लागलो. रेवाच्या पहिल्या रेसला जागेचे मालकही पाहुणे घेऊन आले होते. वयस्कर एमिराती गृहस्थ. सगळे त्यांना अर्बाब, म्हणजे मालक, म्हणत. आजची रेस बघून जागा पुढे क्लबला ठेवायची की नाही, ते ठरवणार होते. दोन महिने अंकलच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. पाहुण्यांचं चहापाणी बघायला ते गेले आणि पाइप माझ्या हातात आला. पोरगी वळणावर पडलीच, तर निदान मऊ जमिनीवर पडू दे, म्हणून मी तिथे चांगलं दोन मिनिटं जास्त पाणी सोडलं. बापाचं डोकं, दुसरं काय!

अंकल अनवाणी फिरत आले आणि त्या वळणावर थबकले. माझ्याकडे बघितलं, मग स्टार्टला उभ्या असलेल्या रेवाकडे. घसरणारं चाक अशा गिच्च ओल्या जागेत एकदम जमीन पकडतं आणि चालवणाऱ्याला उडवून देतं, हे मला नंतर समजलं.

"खलास! आज रेस नाय!" ते ओरडले.

अर्बाब खुर्चीतून उठून खाली आले. "पास्कू, पानी कौन मारा?"

मी तोंड उघडणार, तोच अंकल म्हणाले, "मैं मारा, अर्बाब. गलती मेरा."

अर्बाबनी बुटाच्या टोकाने ओली कच दाबून पाहिली. "टाइम पे रेस रोका, इसलिए जागा रहेगा. लेकिन ट्रॅक पे दूसरा आदमी लाओ."

"है ना, ये साठे."

पार्किंगमध्ये मी त्यांना गाठलं. "अंकल, मी आत्ता जाऊन खरं सांगतो."

"गप बस. बाप घाबरून पाणी मारतो हे पोरीला कळलं, तर ती गाडी मोकळी सोडेल काय कधी? घाबरत चालवेल आणि पडेल."

"पण पाइप माझ्याच हातात का देताय? चुकलो तो मीच ना!"

"म्हणून तर. बाकीच्यांना अजून चुकायचंय."

मी गप्प बसलो. त्याची लाज मला आजही वाटते. ज्या माणसाने तो ट्रॅक हाताने घडवला, तो उरलेला सीझन कुंपणाबाहेर उभा राहिला, आणि तिथूनच मला शिकवत राहिला: "यल्ला, चल साठे, हात हलता ठेव, झाडांना घालतोयस काय!" पुढच्या वर्षी रिटायर होऊन ते वसईला गेले. तिथूनही दर शनिवारी व्हिडिओ कॉलवर कच दाखवायला लावायचे आणि माझी खरडपट्टी काढायचे.

गेल्या महिन्यात ते वारले. बातमी आली शनिवारी सकाळी, आणि दुपारी रेस होती. रेवा आता क्लबात सगळ्यांत वेगाने गाडी चालवते. ती ग्लोव्हज चढवत होती, आणि मला राहवलंच नाही. त्या दिवशी काय झालं ते सगळं तिला सांगून टाकलं. सांगताना रडलोही.

"सो ही लॉस्ट हिज ट्रॅक बिकॉज ऑफ मी?"

"माझ्यामुळे, बाळा. तुझा काही संबंध नाही."

तिने वळणाकडे बघत डोळे पुसले. "आज पाणी कुणी मारलं?"

"मी."

"ओके," तिने हेल्मेट घातलं, "देन आय ॲम गोइंग फुल थ्रॉटल." आणि ती स्टार्टकडे निघाली.