पावलं मोजणारं घड्याळ

"मावशी, ट्रॅकवरून खाली उतरा. कंप्लेंट आलीय."

वॉचमन हळूच बोलला, तरी चालणाऱ्या सगळ्यांनी वळून बघितलं. मी पटकन गवतात उतरले. चोरी करताना सापडल्यासारखी.

या सोसायटीत मी चार घरची धुणीभांडी करते. तुर्भ्याहून येते. शुगर निघाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास चाला, घरकाम त्यात धरू नका. आमच्या वस्तीत ट्रकांमधून चालायचं कुठे? म्हणून कामाआधी सोसायटीच्या बागेतल्या चालायच्या ट्रॅकवर चालायचे. पहिला आठवडा उठणं जिवावर यायचं. तिसऱ्या आठवड्यात गजराआधीच जाग यायला लागली. दिवसातला तेवढा अर्धा तास माझा होता.

त्या सकाळनंतर जमेना. गजर व्हायचा आणि वॉचमनचा आवाज कानात यायचा. उद्या जाऊ म्हणायचे. उद्या उद्या करत महिना गेला. घरचे म्हणाले, आळशी झालीस. मलाही तेच खरं वाटलं. पण तो आळस नव्हता. लाज होती, आणि ती अंगातून निघत नव्हती.

चौथ्या मजल्यावरच्या मॅडमच्या ऑफिसात रोज दहा हजार पावलं चालायची स्पर्धा होती. मी कामाला आले की मॅडम त्यांचं पावलं मोजणारं घड्याळ माझ्या हातात बांधायच्या आणि लॅपटॉप उघडून बसायच्या. झाडू मी मारायचे, कपडे मी वाळत घालायचे, पावलं मॅडमच्या नावावर. मला त्याची गंमतच वाटायची. मूर्ख मी.

एक दिवस मॅडमनी त्या स्पर्धेची ट्रॉफी आणली. मी फरशी पुसत होते.

"तू चालणं सोडलंस ना? तुमच्यात कन्सिस्टन्सीच नसते गं. मनाची तयारी लागते."

"मला ट्रॅकवरून उतरवलं, मॅडम."

"हो, कंप्लेंटच्या त्या अर्जावर सगळ्यांनीच सह्या केल्या. मीपण केली. ट्रॅक मेंबर्ससाठी आहे ना."

त्यांचं घड्याळ तेव्हाही माझ्याच हातात होतं. मी ते सोडायला लागले. काम जाईल हे कळत होतं. ट्रॉफीशेजारी ठेवलं.

"आता तुमचं तुम्ही चाला."

काम गेलं. शुगर तशीच आहे. नियमही तोच. कुणाकडे दाद मागायची, मला माहीत नाही. बाकीची तीन घरंही जातील, ही भीती आहेच.

तरी उद्या सहाला मी ट्रॅकवर असेन. उतरवतील. परवा परत जाईन. रोज उतरवा. मी रोज येणार.