पायाने दाबायची पेटी आणि धारचा फेरा

धारला मी हिंडायला गेलो नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. किल्ल्याची माहिती हवी असेल तर ती दुसरीकडे शोधा, मी तो फक्त बसच्या खिडकीतून पाहिला. मी गेलो होतो गिटारचं पेडल आणायला, आणि त्यासाठी देवासहून धार गाठणं हा शुद्ध मूर्खपणा होता. तरीही त्या रस्त्याने जाणार असाल तर चार कामाच्या गोष्टी यात सापडतील.

ज्यांना पेडल म्हणजे सायकलचं एवढंच माहीत आहे त्यांच्यासाठी सांगतो. साबणाच्या वडीहून जरा मोठी अशी लोखंडी डबी असते. गिटार आणि स्पीकर यांच्यामध्ये ती जोडायची आणि वाजवताना बुटाने खटका दाबायचा. डिस्टॉर्शनचं पेडल आवाज फाडतं, त्याला धार आणि कचकच देतं. मॉड्युलेशनवालं, म्हणजे कोरस किंवा फ्लँजर, आवाजाला लाटा आणतं. दोन हजार तीन-चारच्या सुमाराला देवासमध्ये यातलं काहीही मिळत नव्हतं.

आमची कॉलनी कारखान्यात नोकरीला आलेल्या मराठी लोकांची, त्यामुळे गणपतीत ऑर्केस्ट्रा ठरलेला. मी त्यात चार वर्षं गिटार वाजवत होतो. त्या वर्षी ऑर्केस्ट्रातल्याच पप्पूने नवा की-बोर्ड घेतला, आणि त्यात ‘गिटार’ नावाचं एक बटण होतं. ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या राजू भियाने मला बाजूला घेऊन सांगितलं, “देख मिलिंद, संडे को माइक टेस्टिंग है. तब तक वो फटी वाली आवाज ले आया तो ठीक, नहीं तो पप्पू बटन दबा देगा. तू कोरस में खड़ा हो जाना.” चार वर्षं घासलेल्या बोटांची किंमत एक बटण. मला इतका राग आला की दोन दिवस मी पप्पूशी बोललो नाही, आणि पप्पूला ते कळलंसुद्धा नाही.

घरी जेवताना बाबांनी विचारलं, हे पेडल म्हणजे काय. माझं सगळं शिक्षण हिंदीत, मराठी फक्त घरातली. मी सांगितलं, “पायाने दाबायची पेटी असते बाबा. आवाज बदलते.” पेटी म्हणजे माझ्या डोक्यात डबा. बाबांनी मान डोलावली आणि धारला आत्याला फोन लावला, कारण आत्याच्या सासरी दोन-तीन पिढ्या गाण्या-वाजवण्याची माणसं. दोनच दिवसांत आतोबांचा, म्हणजे आत्याच्या यजमानांचा, उलट फोन आला.

“मिळाली,” ते म्हणाले. “चांगली विलायती आहे. पायाने चालते. दोन्ही आवाज निघतात, एक भरदार आणि एक थरथरता. गृहस्थ पैशासाठी अडून बसणारे नाहीत, वाजवणाऱ्याकडे जावी एवढंच त्यांचं म्हणणं.”

फाटका आणि लाटांचा, दोन्ही एकाच डबीत, तेही विलायती. शुक्रवारी सकाळी गिटार पाठीला लावून मी निघालो.

देवास ते इंदूर बस भरपूर, वाट बघावी लागत नाही. पण गिटार घेऊन चढू नका. कंडक्टर म्हणाला, “इसका आधा टिकट लगेगा.” मी म्हटलं, हे सामान आहे. तो म्हणाला, “सामान है तो ऊपर रखो.” वर ठेवली असती तर इंदूरला लाकडाचे तुकडे उतरवले असते, म्हणून गिटारचं अर्धं तिकीट काढलं. सीट मात्र तिला मिळाली नाही.

इंदूरला उतरून आधी पोहे-जलेबी खाल्ली. पोह्यांवर शेव आणि जिरावण, म्हणजे तिथला चटपटीत मसाला, मागून घ्या. मग एका वाद्यांच्या दुकानात शिरलो, नुसतं बघायला. काचेच्या कपाटात तीन पेडल्स होती: एक डिस्टॉर्शन, एक कोरस, एक फ्लँजर. वाजवून बघू का विचारलं तर दुकानदार म्हणाला, “भिया, लेना हो तो डब्बा खुलेगा. ऐसे तो सब बजा के चले जाते हैं.” न वाजवता पेडल घेणं म्हणजे न चाखता लोणच्याची बरणी उचलणं. कोरस आणि डिस्टॉर्शनमध्ये काय घ्यावं विचारलं, तर म्हणे, “फ्लँजर ले जाओ, हवाई जहाज जैसी आवाज आती है.” मला विमान नको होतं. माझ्याकडचे पैसे एकाच पेडलपुरते होते, आणि धारला तर दोन्ही एकत्र मिळणार होती. मी मोठ्या तोऱ्यात बाहेर पडलो.

धारची बस गंगवाल स्टँडवरून सुटते. तिथवर टेम्पोने जावं लागतं, आणि टेम्पोवाला पुरेशी माणसं कोंबल्याशिवाय हलत नाही. त्या वर्षांत बेटमा ते घाटाबिल्लोद हा रस्ता नावापुरताच होता. मी गिटार मांडीवर उभी धरून बसलो होतो, खाली ठेवली की तिची मान पुढच्या सीटवर आपटायची. शेजारच्या काकांनी तीनदा विचारलं की यात बंदूक आहे का. तिसऱ्यांदा मी हो म्हणालो.

धारला आत्याने भुट्ट्याचा, म्हणजे मक्याच्या कणसांचा, कीस केला होता. धारला फक्त तेवढ्यासाठीसुद्धा जावं, इतका तो चांगला होता. खाऊन लगेच आतोबा मला ‘त्या गृहस्थांकडे’ घेऊन गेले. ते गृहस्थ म्हणजे अण्णा, संस्कृतचे निवृत्त शिक्षक. शेजारच्या देवळात कीर्तनाला साथ करायचे. “यावे, बसावे,” म्हणाले, आणि कोपऱ्यातल्या एका मोठ्या वस्तूवरची चादर त्यांनी दोन्ही हातांनी काढली.

खाली माझ्या छातीपर्यंत येणारं लाकडी कपाट होतं, त्याला हार्मोनियमसारख्या पट्ट्या, आणि तळाशी पाय मारायला दोन रुंद फळ्या.

“पायपेटी,” आतोबा अभिमानाने म्हणाले. “तुझे बाबा म्हणाले, मिलिंदाला पायाने दाबायची पेटी हवी आहे. सबंध धारमध्ये ही एकच उरली आहे.”

अण्णांनी बसून वाजवूनही दाखवली. एक खटका ओढला की आवाज भरदार, दुसरा ओढला की थरथरता. एकही शब्द खोटा नव्हता. मला हसू येत नव्हतं. शुक्रवार संपत आला होता, हातात काही नव्हतं, आणि चूक आतोबांची नव्हती, बाबांचीही नव्हती. स्वतःवर चिडणं फार वाईट, कारण भांडायला समोर कुणी नसतं.

मी काय ते खरं सांगितलं. आतोबा ओशाळले. अण्णा मात्र शांतपणे म्हणाले, “आपणास नेमका कसा आवाज हवा, तो तरी ऐकवा.” देवळातला कीर्तनाचा ॲम्प्लिफायर त्यांच्याकडेच दुरुस्त होऊन आला होता. त्याला गिटार जोडली आणि मी बटण शेवटापर्यंत फिरवलं. तार छेडली तसा आवाज फाटला, लांब ताणला गेला, आतोबांनी कानावर हात ठेवले. मला हवा होता तो हाच.

अण्णा म्हणाले, “ह्यात राग आहे. क्रोध म्हणतो आहे मी, गाण्यातला राग नव्हे.” मग ते माझ्याबरोबर पायपेटीचा थरथरता खटका ओढून वाजवू लागले, आणि तेव्हा माझ्या डोक्यात एकदाचा प्रकाश पडला. थरथरता आवाज गोड होता, पण फाटक्या आवाजापुढे तो ऐकूच येत नव्हता. एकच पेडल परवडत असेल आणि समोर की-बोर्डवाला असेल, तर लाटा विसरा, डिस्टॉर्शनच घ्या.

शनिवारी परत इंदूर, तेच दुकान. “आ गए?” दुकानदार म्हणाला. मी पैसे काउंटरवर ठेवले आणि म्हटलं, आता डबा उघडा. उघडल्यावर कळलं की आत चौकोनी बॅटरी नाही, ती वेगळी घ्यायची. बॅटरी घेतली, जोडली, वाजवली. ज्यांना घ्यायचंय त्यांना सांगतो: डिस्टॉर्शनचं बटण अर्ध्यावरच ठेवा. पूर्ण फिरवलं की नुसती माश्यांची घोंघों होते आणि चाल हरवते. मी निघताना दुकानदाराने पुन्हा एकदा विमान दाखवलं.

रविवारी पाच वाजता माइक टेस्टिंग. मी खटका दाबला, तार छेडली, आणि अर्ध्या ओळीत माझा आवाज गायब. मंडपाच्या कडेला माइकवाला माझं बटण खाली ओढून ओरडत होता, “बंद करो, स्पीकर फट गया.” मी सांगितलं, फाटलेला नाही, असाच असतो. तो म्हणाला की पंधरा वर्षं तो स्पीकर लावतोय, त्याला कळतं. राजू भियाने घड्याळाकडे पाहिलं. “छोड़ यार. पप्पू, तू निकाल ले.” मी गिटार खांद्यावरून काढायला लागलो होतो. वाद घालायचंही त्राण उरलं नव्हतं.

बाबा ड्यूटीवरून सरळ तिथे आले होते, मागच्या खुर्चीत बसले होते. ते उठले आणि माइकवाल्याजवळ गेले. मी त्यांना कधी कुणाशी आवाज चढवून बोलताना पाहिलं नव्हतं, तेव्हाही ते हळूच बोलले. “फटा नहीं है भाईसाहब, फाड़ा है. मेरा लड़का धार तक घूम के लाया है. ऊपर करो.”

त्याने वर केला. त्या संध्याकाळच्या कार्यक्रमात सगळी गाणी मीच वाजवली.

ते पेडल आता माझ्याकडे नाही. नंतर कोरस आला, फ्लँजरही आला, आणि दुकानदार बरोबर होता, खरंच विमानासारखा वाजतो. तीन दिवसांच्या फेऱ्यातून हाती काय लागलं असं कुणी विचारलं तर भुट्ट्याचा कीस आणि अण्णा सांगतो. पण आठवतं ते वेगळंच. टेस्टिंग झाल्यावर शर्ट बदलायला बाबांच्या स्कूटरवरून घरी चाललो होतो. कॉलनीच्या वळणावर त्यांनी वेग कमी केला आणि मागे न बघता विचारलं, “तो आवाज खरंच तसाच असतो ना रे?”