अर्ध्या मोराचं रुखवत

माझी नात सध्या गिटार, मातीकाम आणि जपानी भाषा असं तिन्ही एकदम शिकते आहे. म्हणजे तिन्ही एकदम सोडायच्या बेतात आहे. तिची आई, माझी सून, वैतागली की तिला माझ्याकडे पाठवते. आजीकडे बघ म्हणते, हातात घेतलेलं कधी टाकत नाहीत. सून या घरात आली तोवर माझा पसारा आवरला गेला होता, त्यामुळे तिचा असा गोड समज आहे आणि मी तो आजवर जपून ठेवला आहे. नातीला मात्र दार लावून घेऊन मी रुखवताची हकीकत सांगितली.

तेव्हा आम्ही बोईसरला वसाहतीत राहायचो. मूळचे साताऱ्याकडचे. यजमान वीजकेंद्रात पाळीवर, घरात सासूबाई आणि धाकटी नणंद. आणि मी. त्या वेळची मी म्हणजे एक प्रकरणच होतं. वसाहतीत कुठल्याही दारावर नव्या क्लासची पाटी लागली की मी पहिल्या रांगेत. सामान तर असं आणायची की शिकवणारीला वाटावं, ही आता दुकानच टाकणार. सुरुवात मला फार सुंदर जमायची. मग अर्धं झालं की वस्तू पुरी झाल्यावर कशी दिसणार हे मला डोळ्यांपुढे स्वच्छ दिसायचं, आणि एकदा दिसलं की ती पुरी करायची कशाला, असं वाटून मी पुढच्या क्लासला जायची.

घिवलीहून मासे घेऊन येणारी मावशी पाटी उतरवायच्या आधी माझ्या हातात आज काय आहे ते बघायची. "बाय, परवा पेटी व्हती, आज सुया हायत. उंद्या होडी बांधाला घेता का काय?" आणि पापलेट निवडून देताना वर सांगायची, "तुमी बांधलेल्या होडीत मी नाय बसणार."

नणंदेचं लग्न ठरलं. सासर उमरोळीला, म्हणजे आमच्यापासून एकच स्टेशन, आणि कार्यालय पालघरला. सासूबाईंनी भर बैठकीत जाहीर केलं की रुखवताची काळजी नको, घरात इतकी कला आहे. कपाटं भरलेली त्यांनी पाहिली होती, उघडून पाहिली नव्हती. रुखवत मांडतात ते नवरीच्या हातचं म्हणून, आणि आमच्या नवरीने जन्मात सुई धरली नव्हती. ती इथल्याच एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नमुने तपासायची. पण करणारी कोण आणि नाव कुणाचं हे प्रत्येक लग्नात थोडं इकडेतिकडे असतंच. मी हो म्हटलं. नवीन काम म्हटलं की माझ्या तोंडून हो आपोआप निघायचं.

लग्न अगदी जवळ आलं तेव्हा कपाट उघडलं. एका बाहीचा स्वेटर. एका कोपऱ्याला संपायचा राहिलेला क्रोशाचा टेबलक्लॉथ. भरतकामाची राधाकृष्णाची चौकट, त्यात कृष्ण पुरा आणि राधा कमरेपर्यंत. पिसारा नसलेला मण्यांचा मोर. कापडावर वारली चित्रातला तारपा नाच, ज्यात अर्धे नाचणारे गोल सोडून चहाला गेल्यासारखे वाटत होते. शहाण्या बाईने त्या दिवसापासून पुरं करायला घेतलं असतं. मी काय केलं, तर साखरेचे हलव्याचे दागिने करायचा क्लास लावला.

त्यामुळे लग्नाच्या सकाळी मी रुखवताचं टेबल भिंतीला चिकटवलं. मोराचं तोंड पुढे, जिथे पिसारा असायला हवा तिथे नारळ. राधेच्या कमरेखाली चकल्यांचं ताट. स्वेटरची घडी अशी घातली की दुसरी बाही आत असावी असं कुणालाही वाटेल. तारप्याच्या रिकाम्या गोलावर लाडवांचा डोंगर, वर हलव्याचे दागिने. बायका येऊन बघून वाहवा करत होत्या आणि मी जवळच उभी राहून, हात नका लावू, साखर मोडेल, असं सांगत होते. नणंद शालूत बसल्या बसल्या लांबून माझ्याकडे बघत होती. तिला सगळं ठाऊक होतं.

जेवणं झाली. मी जिलबी वाढत होते आणि अतिशय खूश होते, कारण माझ्या हिशेबी रुखवत पार पडलं होतं. रुखवत बघून झाल्यावर नवरीबरोबर सासरी जातं, ही महाराष्ट्रातल्या शेंबड्या पोरीला ठाऊक असलेली गोष्ट माझ्या डोक्यातून साफ निघून गेली होती. मागे वळून बघते तर वराकडच्या बायका टेबल मोकळं करत होत्या आणि आमच्या सासूबाई हौसेने त्यांना पिशव्या पुरवत होत्या. काही मागे राहू देऊ नका, म्हणत होत्या. माझ्या हातातली जिलबी कुणाच्या तरी ताकात पडली.

नणंद पहिल्यांदा माहेरी आली ती बोचकं घेऊनच. सासूबाई देवळात गेल्याचं बघून तिने ते माझ्यापुढे सोडलं. तिची सासू रागावली नव्हती, ओरडली नव्हती. तिने एवढंच म्हटलं होतं की तुझ्या हातचं आहे तर माहेरी निवांत बसून पुरं करून आण, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्याकडच्या सगळ्या बायकांपुढे मांडू.

"वहिनी, मी तिथे नवीन आहे," नणंद म्हणाली. "पहिल्याच सणाला खोटी ठरले तर जन्मभर खोटीच राहीन."

चेष्टेवारी न्यावं असं तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मी लगेच स्वेटर घेतला, चार ओळी विणल्या, आणि मला सुचलं की हळदीकुंकवाला घरच्या मेणबत्त्या किती छान दिसतील. मी काढलेलं मेण तिने उचलून माळ्यावर टाकलं आणि शिडी गच्चीत नेऊन ठेवली. मग म्हणाली, तू नुसतं शिकव, करते मी.

शिकवायला मला आवडायचंच. तिचा हात संथ होता, पण ती उठायची नाही. प्रयोगशाळेत अर्धा तपासलेला नमुना कुणी धरत नाही, तीच सवय. पिसारा झाला, राधेला पाय आले. एके दुपारी ती टेबलक्लॉथच्या कोपऱ्याशी पोचली आणि म्हणाली, "आता बंद कसं करायचं?"

मला येत नव्हतं. इतके क्लास केले, पण शेवटच्या दिवशी मी कुठल्याच क्लासात नव्हते. तेव्हा मोबाईल उघडून विणकाम शिकवणाऱ्या बायका बघायची सोय नव्हती. शेवटी आम्ही टीव्हीवरचा सासूबाईंच्या हातचा क्रोशाचा रुमाल उतरवला आणि त्याची शेवटची गाठ हळूच सोडून उलट्या बाजूने शिकलो. तो पुन्हा बंद करताना जरा आखडला. सासूबाई कितीतरी दिवस टीव्ही वाढलाय की काय अशा बघत होत्या.

संक्रांतीला मी उमरोळीला गेले. नणंदेचा चेहरा हळदीहून पिवळा झाला होता. बायका वस्तूंभोवती जमल्या. तिच्या सासूने टेबलक्लॉथवरून शांतपणे बोट फिरवत नेलं आणि एका जागी थांबवलं.

"इथवर एक हात आहे," ती आम्हा दोघींनाच ऐकू येईल इतक्या हळू म्हणाली, "आणि इथून दुसरा. सैल वीण कुणाची?"

नणंदेने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "वहिनीची. मी फक्त पुढचं केलंय. सुई पण मी या महिन्यातच पहिल्यांदा धरली."

खोटी ठरायच्या भीतीने महिनाभर बोटं टोचून घेतलेल्या मुलीने एका वाक्यात सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, संपलं. सासूने तिच्याकडे नीट बघितलं, मग जमलेल्या बायकांकडे वळून चांगल्या मोठ्या आवाजात सांगितलं, "आमच्या सुनेने पुरं केलंय हे सगळं." त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. नणंद आत तिळगूळ आणायला गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही, आणि आली तेव्हा डोळे धुतलेले होते.

मला कुंकू लावताना तिची सासू गालात हसली. "तुमच्याकडे असं अजून काही अर्धं पडलं असेल तर पाठवा हो. आमची सून बसली आहे."

तिने ते टोमणा म्हणून म्हटलं होतं. मी आमंत्रण समजले आणि दुसऱ्याच आठवड्यात दोन पिशव्या पाठवल्या.