चिकटलेली पानं

शिशुवर्गाच्या दारावर बाईंनी स्वतः रंगवलेली चिमणी होती, म्हणून त्या चिमणीबाई. खरं नाव शाळेच्या ऑफिसला ठाऊक असेल. पोरं, पोरांचे आईबाप, इतकंच काय, घरी सूनसुद्धा थट्टेत चिमणीबाईच म्हणायची. आवाज मात्र चिमणीचा अजिबात नव्हता. त्यांनी "बसा" म्हटलं की शेजारचा वर्गही बसायचा. पोरांना इंग्रजी वाचायला शिकवावं तर यांनीच, असा लौकिक होता. चित्राचा पुठ्ठा वर धरायचा, चित्राखाली ठळक शब्द. बाई म्हणणार, मागोमाग वर्ग म्हणणार. सहामाहीपर्यंत पोरं अख्खं पुस्तक घडाघडा वाचून दाखवायची आणि आईबाप खूश होऊन घरी जायचे.

असल्या खमक्या बाईला भीती कसली असणार? पण होती, आणि तीही साध्या छापील कागदाची. नवा इंग्रजी शब्द समोर आला की त्या नजर दुसरीकडे वळवायच्या. आपल्या भाषेत त्या अक्षराला अक्षर जोडून काहीही वाचायच्या, अगदी औषधाच्या बाटलीवरचा मुंगीएवढा मजकूरसुद्धा. इंग्रजी शब्द मात्र त्या माणसांसारखे तोंडावळ्यावरून ओळखायच्या. ओळखीचा असला तर ठीक, नवखा निघाला की दातखीळ. त्यांना लहानपणी शिकवलंच तसं होतं, पण त्यांनी दोष आपल्या डोक्यालाच देऊन टाकला होता. सगळी नोकरी एका वाक्यावर निभावली होती: "अगं बाई, चष्मा घरीच राहिला. तू वाच बघू, मोठ्यानं." चष्मा पर्समध्येच असायचा.

त्या सोमवारी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, सगळ्यांना स्टाफरूममध्ये बोलावलं. एका वर्गात एक पद्धत, दुसऱ्यात दुसरी, हे आता बंद. एकतर चित्र आणि अख्खा शब्द, नाहीतर नव्या बाई म्हणतात तसं, आधी एकेका अक्षराचा आवाज आणि मग आवाज जोडून शब्द. शुक्रवारी काय ते ठरवू.

नव्या बाई वयानं पोरसवदा आणि उत्साहानं नुसत्या उतू जात होत्या. "मी कार्ड आणते," त्या म्हणाल्या. "मुद्दाम अर्थ नसलेले शब्द. म्हणजे कुणी नुसतं बघून ओळखायला नको. मुलांच्या आधी आपणच एकेक वाचून बघू, मजा येईल!"

चिमणीबाईंनी अर्धा चहा तसाच ठेवला.

"चिमणीबाई, तुम्ही सगळ्यांत अनुभवी," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणाल ती पूर्व दिशा."

म्हणजे सुटकाही त्यांच्याच हातात होती. आहे तेच चालू द्या, एवढंच म्हणायचं. कार्डं नव्या बाईंच्या पिशवीतून बाहेरही येणार नाहीत. घरी जाताना त्यांनी ते वाक्य मनात घोटून पाठ केलं.

घरी ठकी वाट बघत होती. ठकी म्हणजे त्यांची नात, त्यांच्याच वर्गातली, आणि वर्गातली सगळ्यांत हुशार वाचणारी. "आजी, वाचून दाखवते," म्हणत ती पुस्तक घेऊन मांडीत येऊन बसली आणि सुरू झाली. चेंडू झाला, मांजर झालं, होडी झाली. पोरीची गाडी सुसाट. चिमणीबाईंना जरा बरं वाटायला लागलं होतं.

मग त्यांचं लक्ष पानाकडे गेलं. ठकी होडीपुढचं घराचं पान वाचत होती, आणि समोर तर झाडाचं पान उघडं होतं. मधली दोन पानं डिंकानं एकमेकांना चिकटली होती. घराचं पान आत बंद होतं आणि ठकी ते अचूक वाचत होती, बोट ओळीवर ठेवून.

म्हणजे पोरगी वाचत नव्हती, पाठ म्हणत होती. त्यांनी झाडाच्या चित्रावर तळहात ठेवला. "हे वाच, ठके."

ठकीनं शब्दाकडे पाहिलं. मग आजीच्या ओठांकडे पाहिलं. ओठ हलले नाहीत, तेव्हा तिचा चेहरा एवढासा झाला. ती भ्यायली होती. ती भीती बाईंनी लगेच ओळखली. ती त्यांच्या घरचीच होती.

"आजी," ठकी हळूच म्हणाली, "मी ना, चष्मा विसरले."

ठकीला चष्मा कधी लागलाच नव्हता.

चिमणीबाई हसल्या नाहीत. त्यांनी पोरीला घट्ट जवळ घेतलं, इतकं की ती "आजी, टोचतंय" म्हणाली. आपल्या हाताखालून गेलेली सगळी पोरं त्यांना आठवायला लागली. मोठी होऊन ती कुठल्या कुठल्या ऑफिसात बसली असतील आणि कशाकशाला चष्मा विसरत असतील, या विचारानं त्यांना जेवण गेलं नाही. बिंग फुटलं तर नोकरीतली सगळी अब्रू जाणार होती. नाही फुटलं तर ठकी त्यांच्याच वाटेनं जाणार होती.

शुक्रवारी मोठ्या बाईंनी विचारलं, "मग? तुमचीच पद्धत ठेवायची ना?"

"नको," चिमणीबाई म्हणाल्या. आवाज खरोखरच चिमणीएवढा निघाला. "आवाजाची घ्या."

नव्या बाईंनी आनंदानं टाळीच वाजवली आणि कार्डांचा गठ्ठा काढला. पहिलं कार्ड मानानं, ज्येष्ठ म्हणून, चिमणीबाईंपुढे आलं. तीनच अक्षरं, पण शब्दाचा चेहरा ओळखीचा नाही. जुनं वाक्य जिभेवर तयार होतं, नेहमीसारखं, अगदी गुळगुळीत.

त्यांनी पर्स उघडली, चष्मा काढला आणि डोळ्यांवर चढवला.

"मला हे वाचता येत नाही," त्या म्हणाल्या.

मोठ्या बाई हसल्या. त्यांना वाटलं, चिमणीबाई कधी नव्हे ते गंमत करताहेत. मग बाईंचा चेहरा पाहून त्या हसायच्या थांबल्या. चिमणीबाईंना त्या सगळ्या नजरा अंगावर टोचत होत्या. उठून पळून जावं असं फार वाटलं. पण त्यांनी पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं आणि नव्या बाईंकडे पाहिलं.

"हे अक्षर काय म्हणतं?" त्यांनी विचारलं. "सावकाश सांगा. मला घरी जाऊन नातीला शिकवायचंय."