गजराबाईने फोडलेले मोबाइल

गजराबाई आमच्या शहाद्याच्या गल्लीत शिरते तेव्हा आधी भांड्यांचा आवाज येतो, मग हाळी, आणि मग ती. असा प्रवेश मला चाळीस वर्षं रंगभूमीवर काढूनही साधला नाही, आणि मी तर राजेसुद्धा झालो आहे. डोक्यावर पाटी, पाटीत स्टीलचे डबे. बंद पडलेला मोबाइल द्यायचा आणि डबा घ्यायचा. पूर्वी ती जुने कपडे घ्यायची. नवरा गेल्यावर याच पाटीवर तिने मुलीला, दिपालीला, नर्स केलं.

दुपारी ती माझ्या ओट्यावर बसून मोबाइल फोडायची. मी खुर्ची ओढून बघत बसायचो. नख घालून झाकण काढलं, बारीक पेचकसाने चार स्क्रू फिरवले, की आतली सर्किटची प्लेट, बॅटरी, स्पीकर वेगळे. बॅटरीला कधी ओरखडा नाही. भंगारवाला फोडलेल्या मालालाच जास्त भाव द्यायचा.

गेल्या वर्षी त्याने हात वर केले. सरकारचे नवे नियम आले होते. ज्या कंपनीने वस्तू विकली, तिनेच ती निकामी झाल्यावर विल्हेवाटीची जबाबदारी घ्यायची, आणि मोडतोड फक्त नोंदणी झालेल्या कारखान्यात. तपासणीच्या भीतीने तो गजराबाईचा माल घेईना. आठ दिवस पाटी भिंतीला टेकून उभी होती. गल्ली मला विंगेत कोणी नसलेल्या थिएटरसारखी वाटली.

मग कळलं, कंपन्यांसाठी माल गोळा करणाऱ्या एका संस्थेने लोणखेड्याला केंद्र उघडलंय. तिथला योगेंद्र तिला म्हणाला, "सोमवारी थोडा माल आणून दाखवा. पटला तर शहादा-तळोद्याचा माल गोळा करायचं काम तुम्हाला."

तिथल्या शिकलेल्या लोकांना बिचकून ती माझ्याकडे आली. "आप्पा, कशी जाऊ तठे? शिकेल लोके शेतस."

मी सल्ला दिला, आणि तो अगदी नटाचाच होता. "पहिला प्रवेश आहे, गजरा. माल असा सजवून ने की बघणारा बघत राहिला पाहिजे."

तीन दिवस ती फोडत होती. शंभरेक मोबाइल. प्लेटा एका पिशवीत, बॅटऱ्या दुसऱ्या, स्क्रूसुद्धा वेगळे. पिशव्यांवर नावं मी लिहिली, वळणदार अक्षरात.

सोमवारी रिक्षातून आम्ही दोघं लोणखेड्याला गेलो. योगेंद्रने पिशव्या उघडल्या आणि डोक्याला हात लावला.

"मावशी, हे फोडलं कोणी?"

"मीच. साफसूफ करीसन लई उनू," साफ करून आणल्याचं तिने कौतुकाने सांगितलं.

"आम्हाला अख्खे लागतात. फोडलेला माल मला घेताच येत नाही."

"भंगारवाला तं फोडेलले जास्त भाव देस."

"म्हणूनच त्याचं बंद झालं ना."

मी घसा साफ करून म्हणालो, "साहेब, चूक माझी. सजवायला मी सांगितलं."

"आप्पा, तुम्ही बसा. फोडेल मीच शे," गजराबाई म्हणाली. मग त्याच्याकडे वळून, "परत आनू का? अख्खं?"

योगेंद्रने पिशवीतली एक बॅटरी उचलून उलटसुलट पाहिली आणि स्वतःकडे ठेवून घेतली. "पंधरा दिवस देतो. एकही स्क्रू काढायचा नाही."

लोकांकडचे मोबाइल तर तिने आधीच आणून फोडले होते. पण नियमात मिक्सर, इस्त्री, रिमोट, टीव्हीचे डबेही बसत होते. ती तळोद्यापर्यंत जीपने फिरली. आणलेलं सगळं ओट्यावर अख्खं पडलेलं, आणि ती हात पदरात गुंडाळून बसलेली. "हात शिवशिवतस, आप्पा," म्हणायची.

पंधराव्या दिवशी टेम्पो भरून माल गेला. योगेंद्रने सगळा तपासला, वजन केलं आणि तिचा फोटो असलेलं ओळखपत्र दिलं. तिने ते पाहिलंही नाही. तिची नजर क्रेटमध्ये पडणाऱ्या मिक्सरवर होती.

"तठे कारखानामा फोडाले कोण बसतस?"

"मुली आहेत. शिकवून घेतलेल्या."

"मले दखाडशी?"

योगेंद्र हसला. "पुढच्या गाडीबरोबर चला, मावशी. तुमच्या हातची ती बॅटरी मी तिथे दाखवली. एकही ओरखडा नाही, कोणी काढली, म्हणून विचारत होते."