शुक्रवारी बसणारं चाक

नमस्कार मंडळी. इथले अनुभव मी बऱ्याच दिवसांपासून वाचतोय, पण स्वतः लिहायचं धाडस होत नव्हतं. एक तर मला लिहायची सवय नाही. दुसरं म्हणजे... मी सायकलवाल्याचा मुलगा आहे. आमचं राहुरीला एसटी स्टँडजवळ पत्र्याच्या शेडमध्ये दुकान आहे. तिथे मी लहानपणापासून एकच गोष्ट शिकलो – हवा गेली म्हणजे कुठून तरी गेली. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवायची, दाबत दाबत फिरवायची, बुडबुडा दिसतोच. त्यात भुताखेताला जागाच नसते.

माझे वडील, अण्णा, सातवी शिकलेले. त्यांचा एक नियम होता. गळती सापडली नाही, तर गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचं, "सापडली नाही." उगाच नवी ट्यूब गळ्यात मारायची नाही. पण असं सांगायची वेळ त्यांच्यावर आलेली मी तरी कधी पाहिली नाही.

तर ही गोष्ट २००८ सालची. मी टोरांटोमध्ये मेकॅनिकलचा डिप्लोमा करत होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे कॉलेजात अडलं तर विचारायचं कुणाला हेसुद्धा मला माहीत नव्हतं. थर्मोडायनॅमिक्समध्ये एकदा नापास झालो होतो. डिसेंबरच्या परीक्षेत पुन्हा नापास झालो तर कोर्समधून नाव कमी होणार, असं पत्र आलं होतं. म्हणजे सरळ राहुरी. या पत्राबद्दल मी अण्णांना सांगितलं नव्हतं.

नॉर्थ यॉर्कमध्ये मी एका जुन्या घराच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायचो. वर घरमालकीण, रिबेका आजी. त्या मूळच्या अलिबागजवळच्या. कोकणातल्या ज्यू कुटुंबातल्या. माझ्यापेक्षा शुद्ध मराठी बोलायच्या. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "घाबरू नकोस रे, मीही तुझ्यासारखीच परकी आहे इथे. फक्त पस्तीस वर्षं जास्त." गुडघ्यांमुळे त्यांना बेसमेंटचा जिना उतरता येत नसे.

घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसच्या मागे, जुन्या पडद्यांच्या ढिगाखाली मला ती सायकल सापडली. दहा स्पीडची, वाकड्या हँडलची, पातळ चाकांची. एका मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरने सत्तरच्या दशकात स्वतःच्या नावाने विकलेली. अशा सायकलींना इथले शौकीन लोक हसतात. जड लोखंड, स्वस्त पार्ट. पण मला ती बघून एकदम घरच्यासारखं वाटलं... खरंच, हाताला खाज सुटली.

"सॉलोमनची आहे," आजी म्हणाल्या. सॉलोमन म्हणजे त्यांचे यजमान. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली होती. "फॅक्टरीत जायचा तिच्यावरून. बर्फ असो नसो. जमत असेल तर कर नीट. मला खाली उतरून बघता यायचं नाही, पण घंटी वाजव. ऐकेन मी."

मला सायकलची गरजही होती. शनिवारी पहाटे सहाला एका वेअरहाउसमध्ये माझी शिफ्ट असायची आणि त्या वेळी तिकडे जाणारी बस नव्हती. चाळीस-पन्नास मिनिटं चालत जायचो. तिथला सुपरवायझर व्हिन्स दर शुक्रवारी संध्याकाळी फोन करायचा. "यू गुड फॉर टुमारो, बडी?" आणि मी दर वेळी "येस सर" म्हणायचो. अभ्यासाला सलग मिळणारा शनिवार हा एकच दिवस होता. तरी मला नाही म्हणता येत नसे. आमच्याकडे कुणी काम दिलं की नाही म्हणायचं नसतं, एवढंच माहीत होतं.

सायकलला तीन आठवडे लागले. आतलं ग्रीस वाळून मेणासारखं झालं होतं. पेडलचा दांडा धरून ठेवणारी कॉटर पिन काही केल्या निघेना. अण्णा फोनवर म्हणाले, "हातोडा घेऊ नको. रॉकेल सोड आणि झोप जा. सकाळी स्वतःहून निघंल." इथे रॉकेल कुठलं... पण तेल सोडलं, आणि सकाळी निघाली. बेअरिंगचे सगळे छर्रे बदलले, रिमचा गंज व्हिनेगर आणि अॅल्युमिनियम फॉइलने घासला, स्पोक आवळून चाकांचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढला. दोन्ही टायर-ट्यूब कोरे करकरीत घातले.

दसऱ्याला तिची पूजा करून मग बाहेर काढायची असं ठरवलं. आमच्याकडे दसऱ्याला दुकानातला पानासुद्धा पुजल्याशिवाय राहत नाही. आजींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "हार घाल, कुंकू लाव. पण हँडलखाली ते चिन्ह काढू नकोस हं. मला कळतं रे, अलिबागला दारोदारी बघत मोठी झाले. पण माझ्या लेकीला काय सांगत बसू?" मला काही क्षण कळलंच नाही. कळल्यावर जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मी खरोखर स्वस्तिकच काढणार होतो.

गुरुवारी दसरा होता. पूजा केली, शिरा केला, आणि वाटी घेऊन वर गेलो. आजींनी बऱ्याच वेळाने दार उघडलं. ओठ सुकलेले होते. "आज नाही रे बाळ. आज आमचा वर्षाचा मोठा उपास. पाण्याचा थेंबसुद्धा नाही. आज दारं लावून घरात बसायचं असतं, आणि तू दारच वाजवलंस!" म्हणाल्या आणि हसल्या. मी वाटी घेऊन तसाच खाली आलो.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. संध्याकाळी कॉलेजातून येऊन बघतो, तर पुढच्या चाकात हवा नाही.

नव्या ट्यूबमध्येही दोष असतो, त्यामुळे मला काही वाटलं नाही. बादलीत बुडवली. बुडबुडा नाही. हवा भरायच्या वॉलवर थुंकी लावून पाहिलं. काही नाही. हवा भरली... दहा मिनिटांत चाक परत खाली. पहाटे पाचला पुन्हा भरली, तीच गत. तोवर चालत निघायची वेळही टळली होती. व्हिन्सला फोन करून सांगितलं की सायकल पंक्चर आहे, आणि शिव्या खाल्ल्या. मग अपराधी वाटून दिवसभर थर्मोचं पुस्तक घेऊन बसलो. त्या दिवशी पहिल्यांदा मला एक अख्खा चॅप्टर समजला.

शनिवारी संध्याकाळी सहज पंप मारला. हवा राहिली. रविवार, सोमवार, मंगळवार... दगडासारखं टणक चाक. मी रोज कॉलेजला जात होतो त्यावरून.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच, आणि व्हिन्सला पुन्हा तेच कारण.

अण्णांना फोन केला. "वॉल बदल."

"बदलला."

"रिमपट्टी बघ, स्पोक टोचत असंल."

"टोचत असता तर बुडबुडा आला असता ना, अण्णा."

"मग तुझं बघायचंच चुकतंय. कॉलेजात जाऊन पंक्चर विसरला का रं?"

हे लागलं मला. परीक्षेत नापास होणं एक वेळ चालेल, पण पंक्चरमध्ये? मी पुढची ट्यूब मागे आणि मागची पुढे घातली. तरी शुक्रवारी पुढचंच चाक बसलं. बेसमेंट गार पडतं म्हणून असेल, असं वाटून सायकल फर्नेसजवळ ठेवली. तरीही तेच. मग लॅबमध्ये शिकवतात तशी एक वही केली. शुक्रवारी दुपारीच सायकलसमोर स्टूल टाकून बसायचं आणि चाक खाली बसायला लागलं की वेळ लिहायची. खरं सांगतो, ते बघताना अस्वस्थ व्हायचं. आवाज नाही, फुस्स नाही. वॉलची टोपी जागच्या जागी. म्हातारं माणूस दम खात जमिनीवर बसतं, तसं ते चाक बसायचं.

ऑक्टोबरअखेर वेळ होती पावणेसहाच्या आसपास. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथे घड्याळं एक तास मागे घेतात. त्यानंतरच्या शुक्रवारी चाक पाच वाजायच्या आतच बसलं. नंतर दर आठवड्याला काही मिनिटं अलीकडे, आणखी अलीकडे... घड्याळ काहीही म्हणो, ते दुसऱ्याच कशाच्या तरी मागे चाललं होतं. मला रात्री नीट झोप येईनाशी झाली. आवाज आला की उठून टायर दाबून बघायचो.

एकदा वाटलं, वर आजी चालतात, त्या हादऱ्याने काही होत असेल. पण एका शुक्रवारी त्या लेकीकडे, डायनाच्या काँडोवर राहायला गेल्या होत्या. घरात मी एकटा. तरीही बसलं.

डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी व्हिन्सने दुपारीच फोन केला. ख्रिसमसचा माल आला होता. "नो मोअर फ्लॅट टायर स्टोरीज. टुमारो, ऑर डोंट कम बॅक. आय विल कॉल अॅट फाइव्ह." आणि सोमवारी सकाळी माझी थर्मोची परीक्षा होती.

मी खाली जाऊन टायर भरला. मनगटं दुखेपर्यंत भरला. टोपी पान्याने आवळली. मग अक्षरशः दोन्ही हातांनी टायर धरून बसलो. वर आजींच्या खुर्चीचा आवाज आला, मग काडी ओढल्याचा. आणि माझ्या हातातला टायर... मऊ पडत गेला. बोटांखालून कुणीतरी हळूच काढून घ्यावं तसा. मी ओरडलो असेन बहुधा, कारण आजींनी वरून विचारलं, "काय झालं रे?"

वही घेऊन मी धावत वर गेलो. टेबलावर काचेच्या पेल्यात पाण्यावर तेल सोडून त्यांनी नुकताच दिवा लावला होता. माझं काहीबाही बोलणं त्यांनी ऐकून घेतलं.

"आता शब्बाथ लागला. उद्या सूर्य बुडेपर्यंत सगळं काम बंद, मी पेन हातात धरायची नाही. पण बघायला काय, आण."

वही त्यांनी दिव्याजवळ धरली. मग उठल्या आणि फ्रिजवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. त्यांच्या सिनेगॉगमधून, म्हणजे प्रार्थनामंदिरातून, मिळालेलं कॅलेंडर. प्रत्येक शुक्रवारच्या चौकटीत बारीक अक्षरात एक वेळ छापलेली होती.

"ही दिवा लावायची वेळ. सूर्य बुडायच्या थोडी आधी."

मी एकेक शुक्रवार वहीशी ताडून पाहिला. कुठे दोन मिनिटांचा फरक, कुठे तीन.

आजी खुर्चीत बसल्या. "कोकणात आम्हाला शनवार-तेली म्हणायचे, ठाऊक आहे? तेल काढायचा धंदा. शनिवारी घाणा बंद म्हणजे बंद. इथे आल्यावर सॉलोमनला फॅक्टरीत शनिवारी ओव्हरटाइमला बोलवायला लागले. नवा माणूस, नाही कसं म्हणणार? आणि खोटं बोलायला येत नसे त्याला. मग काय करायचा, सांगू? दर शुक्रवारी, मी दिवा लावायला बसले की हा खाली जाऊन पुढच्या चाकातली हवा सोडायचा. फोरमनचा फोन आला की म्हणायचा, सॉरी सर, देअर इज नो एअर इन द टायर." त्या हसायला लागल्या आणि हसता हसता डोळे पुसले. "मला म्हणायचा, रिबेका, मी खोटं कुठे बोललो? हवा खरंच नव्हती."

"आजी, हे तुम्ही मला आधी कधी सांगितलं होतं?"

"कुणालाच नाही रे. डायनालासुद्धा नाही. तिला वाटलं असतं, बाप भित्रा होता."

एवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला. व्हिन्स. आजी माझ्याकडे बघत होत्या.

"सॉरी सर," मी म्हणालो. "देअर इज नो एअर इन द टायर."

तो काय काय बोलला ते इथे लिहीत नाही. नोकरी गेली. शनिवार-रविवार मी अभ्यास केला. सोमवारी परीक्षा दिली आणि पास झालो. काठावर, पण पास. त्यानंतर अण्णांना ते पत्र आणि चाकाची गोष्ट, दोन्ही सांगितलं. पत्राचा विषय सोडून ते चाकाबद्दलच म्हणाले, "चाळीस वर्षांत मी दुकान एक दिवस बंद ठेवलं नाय रं."

२०१० मध्ये आजींनी ते घर विकलं आणि त्या डायनाकडे राहायला गेल्या. सायकल मला दिली. आता मी विंडसरला गाड्यांच्या पार्टच्या कारखान्यात आहे. इथे आल्यावर पहिल्या शुक्रवारी सायकलसमोर स्टूल टाकून बसलो होतो. अंधार पडला, चाक टणकच. तेव्हापासून आजवर एकदाही आपोआप बसलेलं नाही. खरं तर हायसं वाटायला हवं होतं... पण उलट कुणीतरी न सांगता निघून गेल्यासारखं वाटलं. आता शुक्रवारी मीच वॉल दाबून हवा सोडतो. का सोडतो, ते मला नीट सांगता येणार नाही.

ट्यूब अजून तीच आहे. मागच्या महिन्यात पुन्हा बादलीत बुडवून, दाबत दाबत अख्खी फिरवली. कुणाला काही कारण सुचलं तर जरूर लिहा, मी करून बघेन. पण माझ्यापुरतं म्हणाल तर, अण्णांच्या नियमाप्रमाणे तुम्हाला सरळ सांगतो.

गळती सापडली नाही.